कवळी : चौदा हजार, बत्तीस हजार की दीड लाख?

मिरजकर तिकटी
आबांचे (वय ७१) वरचे दात गेल्या वर्षीच संपले. खाली सहा उरलेत. त्यातले पुढचे चार बोट लावलं तरी हलतात, दोन्ही सुळे तेवढे घट्ट आहेत. कोल्हापुरात राजारामपुरी आणि शाहूपुरीत मिळून तीन ठिकाणी चौकशी केली. पहिल्यानं वरची-खालची मिळून १४ हजार सांगितले. दुसऱ्यानं ३२ हजार, म्हणे मटेरियल फुटत नाही आणि दात इंपोर्टेड. तिसरा म्हणतो, खाली दोन इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायचे स्क्रू) घालू, त्यावर टच्‌कन बसणारी कवळी, वर साधी, सगळे मिळून १ लाख ४५ हजार. उरलेले सहाही दात काढायचे, यावर मात्र तिघांचं एकमत.

आबांनी कॅलेंडरच्या मागं भागाकार केला. बत्तीस हजार भागिले बत्तीस, म्हणजे हजाराला एक दात. मग म्हणाले, "चौदावाला निम्म्याहून कमीत देतोय की रे." मलाही चौदावालाच बरा वाटतोय. कुणाला पटत नसेल तर का ते सांगा.

रस्सामंडळ
जावा डोळे झाकून. आमच्या आईची कवळी ११ हजारांची, नववं वर्ष चाललंय. भाकरी कुस्करून, मटण जरा जास्त शिजवून, पण तांबडा-पांढरा काही सुटला नाही. बाकीचे पैसे एसीचे आणि काचेच्या दाराचे असतात भावा.

मेण आणि प्लास्टर
मी डॉक्टर नाही. इचलकरंजीत लॅबमध्ये अठरा वर्षं कवळ्या करतोय. पहिली गोष्ट, कवळीत २८ दात असतात, अक्कलदाढा बसवत नाहीत. म्हणजे चौदावाला दाताला ५०० घेतोय. आबांना सांगा, भागाकार सुधारा.

दुसरी गोष्ट. ॲक्रिलिकच्या, म्हणजे कवळीच्या प्लास्टिकच्या, डब्यात एवढा फरक नसतो हो. फरक हेलपाट्यांत असतो. रीतसर कवळी अशी होते : आधी साधं माप. त्यावरून त्या माणसापुरता ट्रे बनवायचा. त्या ट्रेनं दुसरं माप, हिरड्यांच्या कडा, गाल आणि जीभ कुठवर हलते ते त्यात धरून. मग मेणाची कडी तोंडात ठेवून जबड्याची उंची आणि चावा ठरवायचा. मग मेणात बसवलेले दात तोंडात घालून बघायचे. हे सगळं झाल्यावर मेणाच्या जागी ॲक्रिलिक भरून शिजवायची. पाच खेपा तरी होतात, आणि नंतर टोचेल तिथं घासून द्यायला दोन-तीन.

आमच्याकडं असंही काम येतं, की एकच माप, सोबत चिठ्ठी, 'परवा द्या'. त्यावर आम्ही चावा अंदाजानं लावतो. कवळी चकचकीतच दिसते, पण जेवताना खालची जिभेबरोबर उठते. तेव्हा किती रुपये हे नंतर विचारा. किती खेपा, दुसरं माप घेणार का, मेणात दाखवणार का, हे आधी.

रस्सामंडळ
दादा, हे तुम्हाला माहीत म्हणून. पेशंटनं 'दुसरं माप घेणार का' विचारलं की समोरचा म्हणतो, डॉक्टर तुम्ही की मी? आणि ३२ हजारवाला पाच खेपा घेतोच, हे कशावरून?

मेण आणि प्लास्टर
नाहीच घेत काही वेळा. ३२ हजारांची दोन खेपांतली कवळी मी स्वतः शिजवलीय. म्हणून तर म्हणतोय, आकडा बघू नका.

गंगावेशची सून
मी दीड लाखाच्या बाजूनं. आमच्या सासूबाईंची साधी कवळी रीतसर झाली होती, सहा खेपा मारून. वरची छान बसली. खालची आठवडाभरात डब्यात गेली ती गेलीच. वरच्या कवळीला टाळू असतो, तो थुंकीच्या पातळ थरावर चिकटून धरतो. खालची घोड्याच्या नालेच्या आकाराची, मधे जीभ, धरायला काही नाही. शिवाय खालचा जबडा वरच्यापेक्षा लवकर झिजतो. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञांनी बसून ठरवलंय की सगळे दात गेलेल्या खालच्या जबड्याला दोन इम्प्लांटवरची कवळी हीच पहिली निवड असावी. शेवटी दोन इम्प्लांट घातले. परवा सासूबाईंनी शेंगदाण्याची चटणी-भाकरी खाल्ली, तीही सगळ्यांच्या आधी ताट चाटूनपुसून. डब्यात पडलेल्या कवळीचे १६ हजार कुणाच्या हिशेबात धरायचे?

करवीर ७२
ताई, तुमचं खरं आहे, पण इम्प्लांट म्हणजे एकदाच खर्च असं कुणी समजू नये. माझे आहेत. आतल्या नायलॉनच्या रिंगा सैल होतात, त्या बदलाव्या लागतात. रोज ब्रशनं भोवती साफ करावं लागतं, नाहीतर हिरडी सुजते. आबांना साखर असेल आणि ती ताब्यात नसेल तर जखम भरायलाच त्रास. वर मेडिक्लेम बहुतेक दातांना हात लावत नाही, अपघात असल्याशिवाय. आमची क्लेमची फाईल तशीच परत आली.

पन्हाळा रोड
एवढा कशाला खर्च? आमच्या चुलत्यांनी बाजारात एका दातवाल्याकडून ३ हजारात पुढचे चार दात फिक्स बसवून घेतले. अर्ध्या तासात. काढायची-घालायची कटकट नाही.

मेण आणि प्लास्टर
त्यांना लगेच डॉक्टरकडं न्या. ते लोक शेजारच्या दातांना तार गुंडाळून जागेवरच ॲक्रिलिक ओततात. ते निघत नाही, खाली ब्रश जात नाही, अन्न कुजतं आणि ज्या चांगल्या दातांना बांधलंय तेही जातात. तीन हजारात चार दात मिळाले नाहीत, शेजारचे दोन गेले असं समजा.

पन्हाळा रोड
वास येतोय असं काकू म्हणत होत्या खऱ्या.

उद्यमनगरकर
पैशांची अडचण असेल तर दोन वाटा आहेत. २०१७ पासून केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, त्यात काठी, श्रवणयंत्र, चष्म्याबरोबर कवळीही आहे. पण ती कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना आणि शिबिरातून. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री वेगळी, त्यात ३ हजार एकदाच खात्यात येतात. दोन्हींचा घोळ करू नका, आमच्या गल्लीत सगळे करतात. दुसरी वाट, नवे पारगावचं डेंटल कॉलेज. विद्यार्थी करतात आणि प्रत्येक टप्पा सरांना दाखवावा लागतो, त्यामुळं खेप गाळली जात नाही.

रस्सामंडळ
आणि ७१ वर्षांच्या माणसानं एसटीनं सहा वेळा जायचं? गाडीभाडं, सोबत एकाची रजा, धरा की हिशेबात.

उद्यमनगरकर
धरतो. तरी खासगीपेक्षा कमीच बसतं. रजा मात्र ज्याची त्याची.

करवीर ७२
एक मुद्दा सगळ्यांनी सोडला. दात काढल्यावर पहिले काही महिने हाड सगळ्यात जास्त झिजतं. सहा दात काढून लगेच कवळी घातली तर ती सैल होणारच, मग आतून अस्तर भरावं लागतं. ते १४ हजारांत आहे का? दात काढायचे आणि एक्स-रेचे वेगळे का?

आणि सुळे घट्ट असतील तर ते उपटायचेच कशाला? रूट कॅनाल करून हिरडीजवळ कापून ठेवतात, वरून कवळी बसते. मूळ आत राहिलं की तिथलं हाड टिकतं आणि कवळीला आधार मिळतो. इम्प्लांटच्या मानानं खर्च बराच कमी. सुळ्याचं मूळ सगळ्यात लांब असतं, हे तरी तिघांपैकी एकानं सांगायला हवं होतं.

गंगावेशची सून
हे आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं. पण राखलेल्या मुळाला कीड लागू शकते ना? मग परत काढा आणि परत कवळी. त्यापेक्षा इम्प्लांट बरा, असं मला अजूनही वाटतं.

करवीर ७२
लागते, साफ ठेवलं नाही तर. पण पाच-सात वर्षं मिळाली तरी ७१ व्या वर्षी ती थोडी नाहीत.

मिरजकर तिकटी
काल चौदावाल्याकडं परत गेलो. खेपा पाच, मेणात दाखवणार, तीन महिने घासून देणं फुकट. दात काढायचे वेगळे, अस्तराचे वेगळे. म्हणजे चौदाचे वीस झाले. सुळ्यांचं विचारलं तर थोडं थांबून म्हणाले, "ठेवता येतील, एक्स-रे बघू." त्यांना माहीत होतं तर! रूट कॅनाल धरून सव्वीसच्या घरात जाईल. आबांना साखर आहे, म्हणून इम्प्लांट सध्या नाही. ३२ हजारवाल्यांना तेच प्रश्न फोनवर विचारले, तर "या मग बोलू" म्हणाले.

रस्सामंडळ
सव्वीस! मी अकरातच खूश आहे.

मेण आणि प्लास्टर
मेणातले दात घालतील त्या दिवशी तुम्ही सोबत जा. आबांना एकसष्ट ते एकोणसत्तर मोठ्यानं मोजायला लावा. 'स'ला शिट्टी वाजली किंवा दात एकमेकांवर आपटले तर तिथंच सांगा. मेणात दात हलवता येतो, शिजवल्यावर नाही.

मिरजकर तिकटी
आबा आत्ताच सुरू झालेत. बासष्टला अडलेत.