मदत हवी आहे : जुन्या वाड्याच्या माडीवर संडास-बाथरूम कसे बसवावेत?

नमस्कार मंडळी. जुन्या नाशकात, भद्रकालीच्या बाजूला, दुमजली वाडा आहे. सागवानी खांब, कडीपाट (म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकून केलेली जमीन), त्यावर पाचेक इंच माती. चौक तसाच राखून भाड्याच्या चार स्वतंत्र खोल्या करायच्या आहेत.

खरी अडचण माडीवरच्या ओल्या जागेची. कडीपाटावर थेट काँक्रीट ओतलं की वजन वाढतं आणि गळती झाली तरी वरून दिसत नाही. तुळईचं भिंतीतलं टोक आतून कुजतं. पेचकस खुपसला तर दोन टोकांत तो अर्धा इंच सहज गेला. तेवढा भाग कापून नवा सागवानी तुकडा बोल्ट-पट्टीने जोडावा, की भिंतीलगत लोखंडी चॅनेलचा आधार द्यावा?

दुसरा पर्याय : चारही बाथरूम मागच्या भिंतीला, एकावर एक, स्वतंत्र लोखंडी सांगाड्यावर. म्हणजे संडासाचा ११० मिमीचा पाइप सरळ खाली येईल, लाकडाला पाणी लागणार नाही. १००० लिटरची टाकीही त्याच सांगाड्यावर, कारण भरल्यावर पाण्याचंच वजन एक टन. पण सांगाड्याचा पाया जुन्या भिंतीपासून किती लांब घ्यावा? खणताना भिंतीखालची माती सुटायची भीती वाटते.

खालच्या भिंतींचं सिमेंट प्लास्टर फुगलंय, आत ओल कोंडलीय. ते खरवडून चुन्याचा गिलावा करायचाच आहे. चुना मुरवून काम करणारे गवंडी नाशिक परिसरात कुणाच्या माहितीत आहेत का? वाड्याचं काम प्रत्यक्ष केलेले स्ट्रक्चरल इंजिनिअरही सुचवा.