कॅसिनोत टिप नाही, बोनसच्या अटी बघा

काही जण म्हणतात की टिपच्या लोभाने कॅसिनोतला डीलर (टेबलावर खेळ चालवणारा कर्मचारी) गिऱ्हाइकाला झुकतं माप देईल, म्हणून कायद्याने डीलरची टिपच बंद करावी. सिंगापूरने तेच केलंय, तिथे टेबलावरचा डीलर ग्राहकाकडून बक्षिसी घेऊच शकत नाही. पण अमेरिकेतल्या न्यू जर्सीची पद्धत मला जास्त पटते. टिपची चिप (कॅसिनोत पैशांऐवजी वापरायची चकती) डीलर कॅमेऱ्याला दिसेल अशी टेबलावर वाजवतो आणि कुलूपबंद डब्यात टाकतो. पुढे ती रक्कम डीलरांमध्ये कामाच्या तासांप्रमाणे वाटली जाते. पर्यवेक्षकाला त्यात वाटा नाही. एकट्याचा खिसा भरणार नसेल तर कोण कशाला एखाद्या गिऱ्हाइकाच्या लबाडीकडे काणाडोळा करेल?

खरी मेख आहे ती कॅसिनो खेळाडूला देतो त्या 'मोफत' बोनसमध्ये. समजा १०० चा बोनस, अट ४० पट खेळण्याची, म्हणजे बोनसच्या ४० पट रकमेच्या पैजा लावल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत. एकूण ४००० च्या पैजा. कॅसिनोची सरासरी कमाई पैजांच्या ५ टक्के धरली तर २०० गेले, बोनस मात्र १०० चाच! ब्रिटनने २०२६ पासून ही अट १० पटीवर आणली आहे. तोच हिशोब केला तर तोटा ५०. कायदा करायचाच तर आधी इथे करा; डीलरच्या चार चिपांमागे काय लागायचं!