फ्लॉपला फ्लश आणि स्ट्रेट दोन्ही ड्रॉ: कॉल करावा की ऑल-इन?

प्रश्न
नो-लिमिट होल्डेम पोकर (हातात दोन पानं, टेबलावर पाच सामायिक). हातात बदाम अठ्ठी-सत्ती. फ्लॉपला (पहिली तीन सामायिक पानं) बदाम नव्वी, किलवर छक्की, बदाम दुर्री. पॉट (मधली रक्कम) १०००, समोरच्याने ५०० लावले. माझ्याकडे २०००, त्याच्याकडे आणखी १५००. फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) आणि स्ट्रेट (ओळीने पाच पानं) दोन्ही ड्रॉ, म्हणजे एकेका पानाने अपुरे. फ्लशचे ९ आउट्स (हात पूर्ण करणारी पानं) आणि स्ट्रेटचे ८ म्हणजे १७, दोन पानं यायची असल्याने अंदाजासाठी चारने गुणले की ६८ टक्के. मग कॉल (तेवढेच ५०० भरणे) की सगळे आत (ऑल-इन)?

प्रतिसाद १
१७ नाहीत, १५. बदाम दश्शी आणि बदाम पंजी तुम्ही दोनदा मोजल्यात. शिवाय चारचा नियम ८ आउट्सपर्यंतच बरा चालतो. त्यावर जितके आउट्स, तितके टक्के वजा करा: ६० वजा ७, म्हणजे ५३. नेमका आकडा ५४.१.

पण तो दोन्ही पानं बघायला मिळणार असतील तरच. नुसता कॉल केलात आणि टर्नला (चौथ्या सामायिक पानाला) पुन्हा बेट आली, तर या ५०० मध्ये एकच पान मिळालं: १५/४७, म्हणजे ३२ टक्के. बहुतेकांचं गणित इथेच फसतं. अर्थात ५०० देऊन २००० च्या पॉटसाठी २५ टक्केच लागतात, त्यामुळे कॉल तोट्याचा नाहीच.

प्रतिसाद २
मी ऑल-इन म्हणेन. सगळ्यात वाईट शक्यता धरा, त्याच्याकडे नव्वीचा सेट (तीन नव्व्या) आहे. बदाम छक्की आली तर तुमचा फ्लश होतो, पण त्याचं फुल हाउस (तीन सारखी आणि एक जोडी, फ्लशहून वरचं). तरी तुम्ही ४० टक्क्यांच्या आसपास असता. त्याने कॉल केला की पॉट ५०००, त्याचे ४० टक्के २०००, आणि तुम्ही घातलेतही २०००. म्हणजे सेटसमोरही बरोबरी! एक्क्यांच्या जोडीसमोर तर तुम्हीच पुढे, साधारण ५६ टक्के. आणि त्याने फोल्ड केलं (पत्ते टाकले) तर १५०० जागेवर मिळाले. दहातून तीनदा जरी फोल्ड झालं तरी सरासरी ४५० वरचे.

प्रतिसाद ३
वरचा हिशोब पटतो, पण तो या स्टॅकपुरताच (समोरच्या रकमेपुरताच). मागे १०,००० असते तर एवढ्या मोठ्या ऑल-इनला कॉल करणार कोण? सेट, नाहीतर मोठा बदाम ड्रॉ. समोर बदाम एक्का-राजा असेल तर बदामाची पानं त्याची, तुमचे फक्त स्ट्रेटचे ६ आउट्स आणि अठ्ठी-सत्तीची जोडी. अठ्ठीचा फ्लश लागला म्हणून खोल स्टॅकमध्ये मोठा पॉट फुगवू नका.

कॉल करून टर्न कोरा गेला (कामाचं पान आलं नाही) तर पॉट २०००, दोघांकडे १५००. त्याने सगळे लावले की १५०० देऊन ५००० साठी ३० टक्के हवेत. समोर नुसती जोडी असेल तर १५/४६, म्हणजे ३२.६. जेमतेम का होईना, कॉल. नुसता फ्लश ड्रॉ असता तर ९/४६, १९.६ टक्के: तिथे पत्ते टाकायचे.