फ्रिजच्या मागं कधी बघितलंय का? अनुभव लिहा

परवा दुपारी आमचा फ्रिज गार करायचा थांबला. बाहेर ४३ अंश, आत दूध नासलेलं. मिस्त्री आला, फ्रिज पुढं ओढला, मागं डोकावला आणि म्हणाला, "वहिनी, मे महिन्यात तुम्ही चादर पांघरून झोपता का? मग ह्याला का पांघरलीय?"

धूळ बसू नये म्हणून टाकलेली सोलापुरी चादर मागून आणि दोन्ही बाजूंनी पार खालपर्यंत लोंबत होती. फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून नाहीतर बाजूच्या पत्र्यातून बाहेर टाकतो. ती वाटच मी बंद केलेली, शिवाय फ्रिज भिंतीला चिकटवलेला. चादर काढली, वीतभर जागा सोडली, जाळी ब्रशनं झाडली. संध्याकाळी बर्फ धरला. मिस्त्रीनं पैसे घेतले ते तपासणीचे, टोमणा फुकट.

दार आपण दिवसातून पन्नासदा उघडतो, मागं मात्र दिवाळीच्या साफसफाईतसुद्धा बघत नाही. तुमच्याकडं काय घडलंय ते लिहा. कंपन्यांची नावं नकोत, उगाच भांडणं होतात.

शेळगीहून

आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं. त्या दिवशी पिंपं, घागरी भरता भरता स्वयंपाकघरात सगळीकडं ओल. फ्रिजच्या हँडलला हात लावला की मुंग्या यायच्या. घरात सगळ्यांना माहीत होतं. उपाय काय, तर फ्रिजसमोर निळ्या स्लीपरचा एक जोड कायमचा ठेवलेला. ती घालायची, मग दार उघडायचं. पाहुण्यांनासुद्धा सांगायचो, "स्लीपर घाला हं." अशी तीन वर्षं काढली!

एकदा पंखा बसवायला वायरमन आला. त्यानं विचारलं, ही स्लीपर इथंच का? सांगितल्यावर शिडीवरून खालीच उतरला. होल्डरमध्ये बल्ब लावला, एक वायर फेजला, दुसरी न्यूट्रलला. बल्ब पेटला. मग दुसरी वायर सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात घातली. काहीच नाही. भोक होतं, पण मागं अर्थिंगची वायरच नव्हती. थ्री-पिन नुसती शोभेला.

अंगणात खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून अर्थिंग केलं, मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा खटका, बसवला. तो आठवड्यात दोनदा पडला. मग फ्रिजवाल्याला बोलावलं, तर मागची वायर उंदरानं कुरतडलेली. पंखा राहिला तो राहिलाच, दिवाळीला बसला.

ह्यावर एकानं लिहिलंय

स्लीपर वाचून हसलो आणि मग गप्प बसलो. आमच्याकडं पाट आहे, त्यावर उभं राहून दार उघडतो. उद्या वायरमन.

विडी घरकुलहून

अक्का, माझा गुन्हा सुरीचा. सिंगल डोअर फ्रिज, फ्रीजरमध्ये हातभर बर्फ, त्यात दुधाची पिशवी अडकलेली. सुरीचं टोक घालून उचकटायला गेले तर फुस्स आवाज आला. वास काही नाही, म्हणून मी पुन्हा सुरी घातली. शेगडीवर चहा ठेवायचा होता, पण तेवढ्यात शेजारीण हाक मारत आली आणि राहिला.

मेकॅनिकनं मागचा स्टिकर दाखवला: आर-६००ए. म्हणजे आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या गॅसच्याच घरातला. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम घाण वास लावलेला असतो, ह्याला तो नसतो. फ्रिजमध्ये असतो ५०-६० ग्रॅम, पण हवेपेक्षा जड, खालीच साचतो. असं झालं तर खिडक्या-दारं उघडायची, काडी ओढायची नाही, कुठलंही बटण दाबायचं नाही, चालू नाही की बंद नाही, असं तो म्हणाला. आता बर्फ बोटभर झाला की फ्रिज बंद करते, आत गरम पाण्याचं पातेलं ठेवते आणि दार उघडं टाकते. अर्ध्या तासात बर्फ स्वतःहून सुटतो.

होटगी रोडहून

सासऱ्यांचं इन्सुलिन. उन्हाळा फार म्हणून फ्रीजरच्या अगदी खाली, मागच्या भिंतीला टेकवून ठेवायचो. साखर काही उतरेना. डॉक्टरांनी गोळ्या, जेवण सगळं विचारलं आणि शेवटी विचारलं, ठेवता कुठं? बघितलं तर बाटलीत बर्फाचे कण. इन्सुलिनला २ ते ८ अंश लागतात, एकदा गोठलं की वितळलं तरी टाकूनच द्यायचं. आता मधल्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात.

जुळे सोलापूरहून

ऑगस्टमध्ये डासांची तपासणी करायला बाई आल्या. मी ऐटीत टाकी दाखवली, कुंड्या दाखवल्या. त्यांनी टॉर्च थेट फ्रिजच्या मागं मारला. कॉम्प्रेसरवरचा, फ्रिजचं पाणी साचणारा ट्रे निघतो हे मला तोवर माहीतच नव्हतं. त्यात अळ्या वळवळत होत्या, आणि त्याच आठवड्यात धाकटा डेंग्यूतून उठलेला. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून दर रविवारी ट्रे रिकामा करून कोरडा पुसते.

पुन्हा मीच, धागा काढणारी

ह्यात आतलीही एक गोष्ट घालते. गरम भांडं फ्रिजमध्ये नको म्हणून उरलेला भात मी रात्रभर ओट्यावर ठेवला, सकाळी आत टाकला, दुपारी फोडणी दिली. चौघं ओकून आडवे. फोडणी दिली तरी शिळ्या भातातलं विष जात नाही. शिजलेलं अन्न बाहेर दोन तास चालतं, आपल्या उन्हाळ्यात एकच. आता भात परातीत पसरते, वाफ गेली की डब्यात भरून आत.

साखर पेठेतून

आजोबांच्या वेळचा बंद पडलेला फ्रिज मागच्या अंगणात होता, खटक्याच्या कडीचा. आतून कितीही ढकला, उघडत नाही. सुट्टीत पोरं लपाछपी खेळत होती आणि धाकटा पुतण्या सापडेना. फ्रिजवर वाळत घातलेलं पोतं खाली पडलेलं दिसलं म्हणून मी सहज दार उघडलं. गुडघे पोटाशी घेऊन तो आत बसलेला, घामानं भिजलेला, आणि मलाच म्हणतो, "काकू, आऊट नाही हं, तू खेळत नव्हतीस."

त्याच संध्याकाळी बिजागऱ्या खोलून दार काढलं. बाकीचा सांगाडा भंगारवाल्यानं नेला. दार ठेवलंय, त्यावर शेंगा वाळत घालते.