आमच्या करांतून स्पॅनिश वर्ग कशाला? या पोस्टला उत्तर

मिलपिटसकर: काल इथे एकाने लिहिलं, "प्रॉपर्टी टॅक्स आम्ही भरायचा आणि त्यातून स्पॅनिश वर्ग चालायचे. आमची पोरं मदतीशिवाय इंग्रजी शिकलीच की." कॅलिफोर्नियात इंग्रजी न येणाऱ्या मुलांसाठीच्या द्विभाषिक वर्गांबद्दल हे वाचून झोप उडाली. १९७४ च्या लाउ निकालाआधी सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे १,८०० चिनी मुलं काहीही जादा मदत न मिळता इंग्रजी वर्गात बसून होती. सारखी पुस्तकं वाटली म्हणजे समान वागणूक होत नाही, असं त्या निकालात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं. मी तीन वर्षं दुसरीच्या वर्गात मदतनीस होते. ग्वाटेमालाचा एक मुलगा स्पॅनिशमधून विचारलं की हातच्याची वजाबाकी झटकन करायचा. तेच इंग्रजी शब्दगणित आलं की पेन्सिल चावत बसायचा. गणित त्याला येत होतं हो!

खडकीवाला: अर्धवट सांगू नका. लाउ निकालात द्विभाषिक वर्ग काढा असं कुठेही नाही. मदत करा, एवढंच आहे. १९९८ मध्ये प्रपोझिशन २२७ ला, म्हणजे शिकवणं मुख्यतः इंग्रजीतूनच हवं या मतदानाच्या प्रस्तावाला, मतं कॅलिफोर्नियाच्या लोकांनीच दिली होती.

मिलपिटसकर: आणि २०१६ मध्ये प्रपोझिशन ५८ मंजूर करून त्याच लोकांनी ते बंधन काढलं.

खडकीवाला: मग सहा-सहा वर्षं मुलांवरचा 'इंग्रजी शिकणारा' हा शिक्का का निघत नाही? माझ्या मुलीच्या शाळाप्रवेशाच्या फॉर्मवर घरची भाषा मराठी लिहिली, तर चौथीपर्यंत दरवर्षी इंग्रजीची परीक्षा. घरी इंग्रजी पुस्तकांचा फडशा पाडणारी पोर! धाकट्याच्या वेळी सरळ 'इंग्रजी' लिहिलं.

आईची शाळा: म्हणजे खोटं लिहिलंत. माझ्या बहिणीने हेच केलं. भाचा फडाफडा बोलायचा, पण वाचलेलं कळत नव्हतं. फॉर्मवर 'इंग्रजी' होतं, म्हणून कोणी तपासलंच नाही. तिसरीत उघडकीला आलं. मराठी शाळेत "घरी मराठी बोला" सांगायचं आणि सरकारी कागदावर मराठीची लाज वाटून घ्यायची?

खडकीवाला: लाज हा शब्द मागे घ्या. आठ वर्षं दर रविवारी मराठी शाळेची टेबलं मी लावतोय.

आईची शाळा: शब्द मागे घेते. खोटं लिहिलंत हे मात्र मागे घेणार नाही.

मिलपिटसकर: मूळ मुद्दा पैशाचा होता. राज्याच्या शाळा-अनुदानाच्या २०१३ च्या सूत्रात इंग्रजी शिकणाऱ्या मुलामागे मूळ अनुदानाच्या २० टक्के जादा मिळतात, आणि मूल गरीबही असलं तरी एकदाच मोजतात. केंद्राचे टायटल थ्रीचे, म्हणजे अशाच मुलांसाठीच्या निधीचे, पैसे वर्षाला साधारण ८९ कोटी डॉलर, देशभरात अशी मुलं ५० लाखांच्या आसपास. डोई पावणेदोनशे डॉलर. यात कोणाचा टॅक्स बुडाला?

खडकीवाला: बरं, पैशाचं मान्य. शिक्क्याबद्दल मात्र तुम्ही दोघी गप्प आहात.

आईची शाळा: तिथे तुमचं बरोबर आहे. शिक्का काढताना शिक्षकांचं मत आणि पालकांशी बोलणं, दोन्ही धरायचं असतं. हे शाळा आपणहून सांगत नाही, याचा मलाही राग आहे.

नवी_आई: माझी लेक ऑगस्टमध्ये किंडरगार्टनला जाईल. फॉर्म समोर आहे. पहिलाच प्रश्न, मूल बोलायला लागलं ते कोणत्या भाषेत. तिचा पहिला शब्द 'भूभू'. मराठी लिहितेय. परीक्षा कधी होते?

खडकीवाला: शाळेत नाव घातल्यापासून ३० दिवसांत. लिहा मराठी. निकाल आला की त्याच आठवड्यात शिक्षकांना भेटा. मी चार वर्षं भेटलो नव्हतो.