कानात शीळ आधीपासून होती, आता घरघर आणि फडफड सुरू झाली: हा टिनिटसच का?

घुमट
उजव्या कानात चार वर्षांपासून बारीक शीळ (टिनिटस) आहे, तिची सवय झाली आहे. गेल्या तीन आठवड्यांत दोन नवे प्रकार सुरू झालेत. एक, लांब कुठेतरी ट्रक चालू ठेवून उभा असावा तशी घरघर. ५ ते २० सेकंद राहते, दिवसातून दहा-बारा वेळा. दुसरा, ताटं आदळली किंवा कुकरची शिट्टी झाली की पडद्यामागे पाकोळी अडकल्यासारखी फडफड. उजव्या कुशीवर झोपलं की घरघर जास्त जाणवते. दुखत नाही, चक्कर नाही, कान वाहत नाही. कान-नाक-घसा डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं: पडदा स्वच्छ, मळ नाही. ‘टिनिटस आहेच तुम्हाला, त्याचाच भाग’ असं म्हणाले. पटत नाही, कारण शीळ ऐकू येते पण ही घरघर चक्क जाणवते, थरथरल्यासारखी. पुढे कोणती तपासणी मागावी? आणि तोवर कानात बोळा घालून ठेवू का?

कानसेन
बोळा नको. का ते खाली सांगतो.

शीळ आणि घरघर या दोन वेगळ्या गोष्टी असण्याची शक्यता बरीच आहे. शीळ हा बहुतेक वेळा आतल्या कानाचं ऐकणं घटल्यावर मेंदूने स्वतःच उभा केलेला आवाज असतो, तिथे प्रत्यक्षात काही हलत नाही. थरथर जाणवते तेव्हा मात्र बहुधा काहीतरी खरंच हलत असतं. मधल्या कानात दोन इवलेसे स्नायू आहेत. टेन्सर टिंपनी हातोडीच्या हाडाला, म्हणजे पर्यायाने पडद्याला, आत ओढतो. स्टेपीडियस रिकिबीच्या हाडाला धरून असतो; तो जेमतेम ६ मिलिमीटरचा, शरीरातला सर्वांत छोटा कंकाल-स्नायू. पापणी लवते तसे हेही अधूनमधून लवतात. टेन्सर लवला की ढगांच्या गडगडाटासारखं किंवा धपधप, स्टेपीडियस लवला की भुंग्यासारखं किंवा चरचर, असा ढोबळ फरक सांगतात. नुसत्या वर्णनावरून कोणता स्नायू ते ठरवू नये, दोघांची सरमिसळ असते.

तपासणीआधी घरी एकच गोष्ट शोधा: घरघरीचा ताल कशाशी जुळतो?

मनगटाची नाडी धरून बसा. ठोक्याला ठोका जुळला तर मामला रक्तवाहिन्यांचा आहे, त्याला स्नायूंच्या यादीत टाकून गप्प बसायचं नाही. श्वासाशी जुळला, स्वतःचा आवाज डेऱ्यात बोलल्यासारखा घुमला आणि आडवं झाल्यावर किंवा डोकं गुडघ्यांत घातल्यावर थांबला, तर कान आणि घसा जोडणारी युस्टेशियन नळी उघडी राहते आहे; वजन झपाट्याने उतरल्यावर हे होतं. जबडा हलवला, गिळलं, डोळे गच्च मिटले की येत असेल तर स्नायू किंवा जबड्याचा सांधा. डोळ्यांची बुबुळं फिरवताना त्यांचा आवाज किंवा चालताना टाचेचा दणका कानात ऐकू येत असेल तर आतल्या कानाच्या वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरचं हाड विरलेलं असू शकतं. हा विकार १९९८ मध्ये पहिल्यांदा नीट मांडला गेला, त्यामुळे जुन्या पठडीत तो आजही निसटतो.

आता कूस. उशीने कान बंद झाला की शरीरातले खालच्या पट्टीतले आवाज बाहेर न पडता आतच कोंडतात आणि मोठे वाटतात. दोन्ही कानांत बोटं घालून ‘ऊँ’ म्हणा, लगेच कळेल. बोळा घातल्यावर हेच होतं: बाहेरचं कमी, आतलं जास्त. शिवाय दिवसभर कान झाकून ठेवले तर मेंदू आवाज आणखी वाढवून घेतो आणि भांड्यांचा आवाज अधिकच बोचायला लागतो.

आले_लिंबू
मोहरीचं तेल कोमट करून दोन थेंब. जिन्को बिलोबा आणि झिंक पण चालू करा, नसांना चांगलं.

तपासणी_खोली
तेल कृपया नको. हलणारा स्नायू पडद्याच्या पलीकडे आहे, तेल पडद्याच्या अलीकडेच राहतं. पडद्याला बारीक भोक असेल तर जंतुसंसर्ग आत नेण्याचं काम तेवढं होईल. जिन्को, झिंक, मेलाटोनिन यांची शिफारस करू नये असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ च्या टिनिटसविषयक मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे. जिन्को रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत तर मुळीच नको.

घुमट, तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट मला घरघरीपेक्षा महत्त्वाची वाटते: शीळ फक्त उजव्या कानात. चार वर्षांत दोन्ही कानांच्या ऑडिओमेट्रीची, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीची, तुलना झाली का? लगतच्या दोन-तीन वारंवारितांवर दोन कानांत १५ डेसिबेल किंवा जास्त फरक असेल तर श्रवणनसेचा एमआरआय करायला सांगतात, त्या नसेवरची गाठ नाही ना हे बघायला. तशी गाठ क्वचितच निघते आणि निघाली तरी बहुतेकदा कर्करोगाची नसते, पण एका बाजूच्या टिनिटसमध्ये हे एकदा निकाली काढायलाच हवं.

घरघरीसाठी ‘टिंपॅनोमेट्री (हवेच्या दाबाने पडद्याची लवचीकता मोजणं) करा’ एवढंच सांगून भागत नाही. नेहमीची टिंपॅनोमेट्री काही सेकंदांत उरकते, डोंगरासारखा एक आलेख मिळतो, तो ‘ए’ प्रकारचा म्हणजे नॉर्मल येतो आणि तुम्ही परत घरी. मागायचं ते असं: त्याच यंत्राच्या ‘रिफ्लेक्स डीके’ पद्धतीत (एरवी यात सलग आवाज देऊन स्नायू किती वेळ आकसलेला राहतो ते बघतात), आवाज न देता, पडद्याची लवचीकता १० ते २० सेकंद सलग नोंदवून द्या. कानातला हवेचा दाब त्या डोंगराच्या शिखराच्या जागी ठेवलेला असतो. तुम्ही गिळायचं नाही, बोलायचं नाही, घरघर किंवा फडफड आली की फक्त बोट वर करायचं. बोट वर आणि आलेखात अनियमित खाचा एकाच वेळी आल्या तर स्नायू पकडला गेला. बारीक लाटा नाडीच्या तालात असतील तर रक्तवाहिनी. एक नाकपुडी दाबून खोल श्वास घ्यायला लावल्यावर आलेख श्वासाबरोबर वरखाली झाला तर उघडी नळी. एकाच नोंदीत तिन्हींचा फडशा पडतो. अडचण अशी की तपासणीच्या खोलीत फडफड येतच नाही, कारण खोली शांत. म्हणून स्टीलची ताटली आणि चमचा पिशवीत घेऊन जा. हसतील, हसू देत.

सोबत अकौस्टिक रिफ्लेक्स चाचणीही करून घ्या. निरोगी कानात साधारण ७० ते १०० डेसिबेलच्या आवाजाला स्टेपीडियस आपोआप आकसतो, तेच यात बघतात. टाळूही एकदा बघायला सांगा, पण नाकातून घातलेल्या बारीक दुर्बिणीने. टाळूचे स्नायू लयीत उडत असतील तर कानात टकटक येते, आणि तोंड मोठं उघडलं की ते उडणं कधी कधी थांबतं. मग तोंडातून बघणाऱ्याला काहीच सापडत नाही.

मुंबईत वांद्र्याच्या अलीयावर जंग संस्थेत आणि म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेत श्रवणविभाग आहेत. गावाकडे असाल तर जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या ऑडिओलॉजिस्टला आधी फोनवर विचारा की यंत्रात ‘डीके’ची सोय आहे का. केवळ छाननीसाठी असलेल्या छोट्या यंत्रात ती बऱ्याचदा नसते.

घुमट
धन्यवाद. नाडीशी जुळत नाही, श्वासाशीही नाही. डोळे गच्च मिटले की दोन्ही कानांत घरघर येते, सोडले की थांबते. सकाळी उठल्यावर जबडा आंबलेला असतो. डाव्या कानाचा आलेख जुन्या फाइलीत आहे, काढतो. एक शंका: रात्रीची घरघर कधी कधी मिनिटभर टिकते. बाहेरचा आवाज असेल का?

गच्चीवरची_टाकी
तपासायला पाच मिनिटं लागतात. मेन स्विच बंद करा, आणि इन्व्हर्टरही बंद करा. लोक हे विसरतात, मेन गेला की इन्व्हर्टर चालू होतो आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुणगुणतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर, कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर यांची गुणगुण मुख्यतः १०० हर्ट्झवर असते. त्या आवाजाची लाट साधारण ३.४ मीटरची. बंद खोलीत भिंतींवर आपटून तिचे चढउतार तयार होतात, त्यामुळे मीटरभर सरकलं तरी आवाज वाढतो किंवा विरतो. खोलीभर सावकाश फिरा, डोकं वळवून बघा. जागेप्रमाणे बदलला तर बाहेरचा. कोपरा, पलंग, गॅलरी सगळीकडे तसाच, तर तुमचा.

मोबाइलच्या डेसिबेल ॲपवर विसंबू नका. ती बहुधा ‘ए’ मापनावर असतात, जे १०० हर्ट्झवर सुमारे १९ आणि ५० हर्ट्झवर सुमारे ३० डेसिबेल वजा करून दाखवतं. खिडकी थरथरत असली तरी आकडा सभ्य येतो. ‘सी’ किंवा ‘झेड’ मापन मिळालं तर ते लावा.

२० सेकंदांची घरघर पंपाची वाटत नाही. मिनिटभराची मात्र शेजारच्या एसीच्या बाहेरच्या युनिटची असू शकते, विशेषतः ब्रॅकेटखाली रबर नसेल तर.

कानसेन
डोळे गच्च मिटल्यावर दोन्ही कानांत येणारी घरघर बऱ्याच निरोगी माणसांतही असते, तिला घाबरायचं कारण नाही. ती ओळखीची खूण म्हणून वापरा: रात्रीची घरघर अगदी तशीच आहे का? असेल तर स्नायूकडे बोट जातं. (चेहऱ्याचा लकवा पूर्वी होऊन गेला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. बरी होताना चेहऱ्याची नस कधी चुकीच्या जोडण्या करते आणि डोळा मिटला की स्टेपीडियसही ओढला जातो.)

आंबलेला जबडा हा मोठा धागा आहे. टेन्सर टिंपनी आणि चावण्याचे स्नायू एकाच नसेच्या, ट्रायजेमिनलच्या, फांदीवर चालतात. रात्री दात आवळणाऱ्याचा टेन्सर दिवसाही ताठलेला राहू शकतो आणि मग ताटलीच्या आवाजालाही दचकतो. त्यामुळे आधी जबडा. ओठ मिटलेले, दातांत फट, जिभेचं टोक ‘न’ म्हणताना टेकतं तिथे: ही ठेवण तासातासाला आठवून करायची, अर्धा मिनिट. गालाच्या मागच्या भागावर कोमट शेक १० मिनिटं, दिवसातून दोनदा. सुपारी, चिक्की, च्युइंगम चार आठवडे बंद. दंतवैद्याकडून रात्री घालायची कडक पट्टी मापाने करून घ्या. बाजारातली गरम पाण्यात मऊ करायची रबरी पट्टी काही जण रात्रभर चावत बसतात आणि सकाळी जबडा आणखी दुखतो. नाक दाबून जोरात कानात हवा भरण्याची सवय असेल तर तीही सोडा.

रात्री पूर्ण शांतता ठेवू नका. पंखा किंवा पावसाचा आवाज लावा, पण शिळेला बुडवेल इतका मोठा नाही. शीळ अजून ऐकू येते आहे आणि तरी लक्ष तिच्यावर राहत नाही, एवढाच. घरघरीसाठी खर्ज भरपूर असलेला ‘ब्राउन नॉइज’ चांगला मिसळतो, मात्र मोबाइलच्या स्पीकरला खर्ज झेपत नाही, निदान छोटा ब्लूटूथ स्पीकर घ्या. बोळे ढोल-ताशा, डीजे, ड्रिल यांच्यासाठी राखून ठेवा. स्वयंपाकघरात नकोत.

गोळ्यांचं थोडक्यात: क्लोनाझेपाम किंवा कार्बामाझेपिन काही डॉक्टर देतात, काहींना उपयोग होतो, पुरावा तुटपुंजा आहे. पहिलीची सवय लागते आणि ती एकदम बंद करता येत नाही, दुसरीसोबत रक्ततपासणी लागते आणि अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. महिनोन्महिने काही हललं नाही आणि नोंदीत स्नायू पकडला गेला असेल, तरच दोन्ही स्नायूंच्या दोऱ्या कापण्याची शस्त्रक्रिया. निकाल बरेच चांगले सांगितले जातात, पण रुग्णसंख्या छोटी आहे, आणि स्टेपीडियस कापल्यावर मोठे आवाज आणखी टोचू शकतात. या शस्त्रक्रियेने शीळ जाईल असा भरवसा धरू नका.

तपासणी_खोली
एक भर. पुढचं काही झालं तर ताटली-चमच्याची वाट बघू नका: एका कानाचं ऐकणं अचानक पडलं (स्टिरॉइड पहिल्या काही दिवसांतच नीट काम करतात, दोन आठवड्यांनंतर फारसं हाती लागत नाही), घरघर नाडीच्या तालात सुरू झाली, सोबत डोकेदुखी आणि दृष्टी अंधुक झाली, चेहरा एका बाजूला ओघळला. आणि घरघरीबरोबर कान दडपून ऐकणं कमी-जास्त व्हायला लागलं, २० मिनिटांहून जास्त टिकणारी गरगर आली, तर मेनिएर या आतल्या कानाच्या विकाराचा विचार करावा लागतो. तेव्हा ऑडिओमेट्री त्रास चालू असतानाच करून घ्या. उतरल्यावर केली तर खालच्या वारंवारितांचा खड्डा भरून निघालेला असतो आणि कागदावर काहीच दिसत नाही.

घुमट
जुनी फाइल सापडली. ४००० हर्ट्झवर उजवा ४५ डेसिबेल, डावा २०. ६००० वर उजवा ५०, डावा २५. एमआरआयबद्दल तेव्हा कोणी काही म्हणालं नव्हतं.

तपासणी_खोली
२५ चा फरक, तोही लगतच्या दोन ठिकाणी. आधी ऑडिओमेट्री पुन्हा करा, चार वर्षांचा आलेख जुना झाला. फरक तेवढाच राहिला तर श्रवणनसेचा एमआरआय, कॉन्ट्रास्टसह, हे शब्द चिठ्ठीवर लिहून न्या. डीकेची नोंद त्याच फेरीत होईल.