जर्मनीतील मुक्कामात दोघांनी फिरण्याचे नियोजन कसे करावे?

प्रश्न (खानापूर):
यजमानांना श्टुटगार्ट येथे नोकरी मिळाली असून आम्ही दोघे लवकरच तेथे राहावयास जाणार आहोत. आजवर आमचा प्रवास बेळगाव, पुणे आणि गोव्यापुरताच झाला आहे. तेथे राहून युरोप कसा पाहावा आणि मी दिवसभर घरी एकटी पडू नये म्हणून काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (निपाणी, सध्या म्युनिक):
जर्मनीचा निवास परवाना हाती आला की इतर शेंगेन देशांत (आपसांतील सीमांवर सहसा तपासणी नसलेल्या युरोपीय देशांत) कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाविना फिरता येते. म्हणून परवाना मिळेपर्यंत मोठा बेत आखू नये. देशांतर्गत प्रवासासाठी मे २०२३ मध्ये सुरू झालेले मासिक ‘डॉइचलांड तिकीट’ घ्यावे. ते प्रादेशिक गाड्या, ट्राम आणि बस यांना चालते, आयसीई या वेगवान गाडीला चालत नाही. आम्ही उभयता याच संथ गाड्यांनी फिरतो आणि मला तेच मनापासून आवडते, कारण वाटेतली छोटी गावे त्यामुळेच पाहावयास मिळतात. रविवारी बहुतेक दुकाने बंद असल्याने किराणा शनिवारीच भरावा.

उत्तर (शहापूर, बेळगाव):
ताई, जर्मन भाषेचा वर्ग येथूनच सुरू करा. माझ्या सुनेला शेजारणी मिळाल्या त्या भाषेमुळेच. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे व मांसाचे पदार्थ सामानातून नेण्यास मनाई आहे, तेव्हा कुंदा नेऊ नये. मसाला आणि चटणी मात्र अवश्य न्यावी.